तीस आणि तीस

"मैडम, रिपोर्ट नॉर्मल है, पेशंट खुश है, डॉक्टर खुश है. आपको प्रॉब्लेम क्या है?"

भसीननं हे विचारलं तेव्हा मी त्याच्या केबिनमध्ये उभी होते. त्यानं दोनदा बसायला सांगितलं, मी बसले नाही. एका हातात डीएनए तपासणीच्या जेलचा फोटो, दुसऱ्या हातात रिपोर्टची कॉपी. तळपायाची आग मस्तकात गेली होती.

"प्रॉब्लेम एक, रिपोर्टखाली सही माझी आहे आणि मी ती केलेली नाही. प्रॉब्लेम दोन, रिपोर्ट खोटा आहे."

मी हे त्याला हिंदीत सांगितलं. पण इथे माझं बोलणं मराठीतच लिहिते, कारण पंचवीस वर्षं दिल्लीत काढूनही मला नीट रागावता येतं ते मराठीतच.

"खोटा?" भसीन हसला. "मैडम, गलत बोलो, झूठा मत बोलो. और गलत भी कहाँ है?"

भसीन आमचा डायरेक्टर. एमबीए. आधी फ्रिज आणि वॉशिंग मशीन विकायचा, मग त्याला कळलं की आता देशात लोक रक्ताच्या तपासण्याही ब्रँड बघून करायला लागलेत. गुडगावमध्ये तेव्हा रोज एक काचेची इमारत उठत होती. आमची चार मजली लॅब त्यांतलीच एक. पुढच्या बाजूला निळी काच, मागच्या बाजूला मोहरीचं शेत आणि दिवसातले निम्मे तास धडधडणारा जनरेटर. रिसेप्शनच्या भिंतीवर पितळी अक्षरांत लिहिलं होतं, "रिपोर्ट अठ्ठेचाळीस तासांत".

मी तिथे जेनेटिक्स विभागाची प्रमुख. त्याआधी अकरा वर्षं दिल्लीत मुनिरकाजवळच्या एका सरकारी संस्थेत होते. तिथून का सोडून आले? खरं सांगते. तिथे मागितलेलं मशीन यायला तीन वर्षं लागायची, इथे तीन महिन्यांत आलं. चकचकीत मशीन बघून मी भुलले. कुणी हात धरून आणलं नव्हतं.

आता तो रिपोर्ट काय होता ते सांगते.

पानिपतची सुनीता. वय सत्तावीस. पहिला मुलगा गोलू सहा वर्षांचा, पण बोलत नव्हता. नजरेला नजर देत नव्हता, हात फडफडवत राहायचा. सुनीताला पुन्हा दिवस गेले होते, नववा आठवडा. तिच्या डॉक्टरांना शंका आली ती फ्रॅजाइल एक्सची. हा आजार घराण्यातून येतो, पुष्कळदा आईकडून मुलाकडे. आई स्वतः धडधाकट असते. डॉक्टरांनी आधी सुनीताचं रक्त आमच्याकडे पाठवलं. तिच्यात दोष निघाला, तर पोटातल्या बाळाची तपासणी करायची. ती अकराव्या ते तेराव्या आठवड्यात झाली तर बरं. दोष नाही निघाला, तर पोटात सुईच टोचायची नाही.

म्हणजे त्या एका कागदावर बाळाची तपासणी होणार की नाही हे ठरणार होतं. आमच्या कागदानं सांगितलं, गरज नाही.

आता थोडं शास्त्र. घाबरू नका, मी सोपं करून सांगते. माझ्या आईला समजलं होतं, तुम्हालाही समजेल.

माणसाचा डीएनए म्हणजे चार अक्षरांत लिहिलेला तीन अब्ज अक्षरांचा मजकूर. लोकांना वाटतं की त्यात सगळी कामाची वाक्यं असणार. छे! त्यातला जवळजवळ निम्मा मजकूर नुसती पुनरुक्ती आहे, तेच ते, तेच ते. पण या पुनरुक्तीलाही शिस्त आहे. एक जात विखुरलेली. तीनशेएक अक्षरांचा एक तुकडा आहे, त्याच्या दहा लाखांहून जास्त नकला सगळ्या गुणसूत्रांवर इथेतिथे पसरल्यात. दुसरी जात रांगेतली. एकच तुकडा, त्याला चिकटून तोच तुकडा, पुन्हा तोच. गुणसूत्राच्या कमरेजवळ अशा रांगा लाखो अक्षरं लांब असतात, टोकांनाही असतात. आणि काही रांगा अगदी छोट्या, दोन-तीन अक्षरांच्या, थेट जीनच्या दारात उभ्या.

आमच्या पिढीला शिकवलं होतं की हा सगळा जंक डीएनए, भंगार. हा शब्द ज्यानं काढला त्याच्या हाताखाली मी परीक्षेला बसले नाही हे त्याचं नशीब.

फ्रॅजाइल एक्सचा दोष या छोट्या रांगेत असतो. एक्स गुणसूत्रावर एका जीनच्या दारात सी-जी-जी, सी-जी-जी अशी तीन अक्षरं पुन्हा पुन्हा येतात. तुमच्यात, माझ्यात, भसीनमध्येही. साधारण तीसएक वेळा. पण पेशीत डीएनएची नक्कल होताना अशा रांगेत मोजणी चुकते. माळ जपताना झोप लागली की कसं होतं, तसंच. पंचावन्नच्या वर रांग गेली की ती डळमळीत. त्या माणसाला स्वतःला सहसा मोठा त्रास नसतो, पण आईकडून मुलात जाताना रांग एकदम लांबते. दोनशेच्या पुढे गेली की जीन बंदच पडतो. मग मूल गोलूसारखं होतं.

रांग मोजायची पद्धत म्हणजे पीसीआर. तेवढ्याच तुकड्याच्या लाखो नकला काढायच्या आणि जेलवर, म्हणजे एका पारदर्शक लगद्यातून, विजेनं पळवायच्या. तुकडा लहान तर पट्टी खाली, मोठा तर वर. बाईला दोन एक्स, म्हणून दोन पट्ट्या.

आणि गोम इथेच आहे. रांग फार लांब असली तर त्या वेळच्या पीसीआरला ती ओलांडताच यायची नाही. नक्कल होत नाही, पट्टी उमटत नाही. म्हणून एखाद्या बाईची एकच पट्टी दिसली, तर अर्थ दोन निघतात. एक तर तिच्या दोन्ही एक्सवरची रांग योगायोगानं सारख्याच लांबीची आहे आणि दोन पट्ट्या एकावर एक पडल्यात. असं पुष्कळ बायकांत असतं, त्यात काही वावगं नाही. नाही तर दुसरी रांग इतकी लांब आहे की ती दिसलीच नाही. फोटोत दोन्ही अगदी सारखे दिसतात. फरक कळायला दुसरी, जुनी, किचकट चाचणी करावी लागते. सदर्न ब्लॉट. तिला दहा दिवस लागतात आणि किरणोत्सारी फॉस्फरस लागतो. आमच्या निळ्या काचेच्या इमारतीत त्याची परवानगी नव्हती.

सुनीताच्या जेलवर एकच पट्टी होती. तीसवर.

रिपोर्टवर छापलं होतं, "पहिली प्रत तीस, दुसरी प्रत तीस. नॉर्मल."

मी त्या आठवड्यात पुण्याला होते, आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी. आठ दिवसांनी येऊन फाइल उघडली तर हे. भसीनच्या केबिनमधून बाहेर पडले ती तडक कमलेशच्या टेबलाशी गेले.

कमलेश आमची डेटा एन्ट्री ऑपरेटर. बाविशीची. तिचं गाव लॅबपासून दोन किलोमीटरवर, किंवा खरं म्हणजे लॅबच तिच्या गावात. आमची इमारत उभी होती ते तिच्या चुलत्याचं शेत. ती मला बघून उभी राहिली.

"मैडम, मन्नै तो पहले ही कही थी," असं म्हणत तिनं ड्रॉवरमधून एक लांब रजिस्टर काढलं. वीज गेली की कॉम्प्युटरमधलं सगळं उडायचं, म्हणून कमलेश आधी हातानं लिहायची, मग टाइप करायची. तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिची तिची शिस्त.

तिच्या गोल अक्षरात लिहिलं होतं, "सुनीता, पानीपत. एक पट्टी, ३०. दूसरी नहीं दिखी. कंप्यूटर रिपोर्ट नहीं निकाल रहा. सर को फोन किया. सर बोले, वही नंबर दो बार डाल दो."

कॉम्प्युटर रिपोर्ट काढत नव्हता, कारण फॉर्ममध्ये दोन रकाने होते. पेशंट पुरुष असला की दुसरा रकाना आपोआप बंद. बाई असली की दोन्ही भरायलाच हवेत, नाही तर प्रिंट निघणार नाही. सॉफ्टवेअरवाला पोरगा माझ्यासमोर बसून विचारत होता, "मैडम, सेकंड फील्ड कंपल्सरी रखूँ?" आणि मी विद्वानासारखी म्हणाले होते, "हो, बाईला दोन एक्स असतात, दोन आकडे यायलाच हवेत." पुस्तकातलं वाक्य. शंभर टक्के बरोबर. एक पट्टी आली की मी स्वतः रिपोर्ट अडवायचे, त्यामुळे कधी अडचण आली नव्हती. मी नसताना काय, हे मी कुठेच लिहून ठेवलं नव्हतं. आणि माझी सही स्कॅन करून त्याच कॉम्प्युटरमध्ये ठेवलेली. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय!

रजिस्टरच्या त्या पानाची झेरॉक्स काढून मी परत वर गेले.

"दुसरा तीस कुठून आणलात?" मी विचारलं.

"अरे मैडम, एक दिखा, दूसरा भी वैसा ही होगा. कॉमन सेन्स."

"दिसलं नाही ते लिहिलंत तुम्ही. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात!" हे मी मराठीतच म्हणाले. त्याला समजलं नाही, पण सूर समजला असावा.

"डॉक्टरांना पत्र पाठवा. रिपोर्ट रद्द करा."

"रिकॉल? पागल हो गई हैं आप? नई लैब है, मार्केट में क्या मैसेज जाएगा? और चान्स तो यही है ना कि नॉर्मल ही होगी?"

"घरात एक आजारी मूल असताना? मुळीच नाही."

"तो एक प्रेग्नंट लेडी को आप 'शायद' बोल के डराएँगी?" तो खुर्चीत मागे रेलला. "इन्सानियत नाम की भी कोई चीज़ होती है, यार."

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. मी दार आपटून बाहेर पडले. त्या काचेच्या दाराला आपटल्याचा आवाजही होत नाही, तेवढंही समाधान नाही.

पानिपतच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "मैडम, कागज़ पे नॉर्मल है. आप कागज़ पे लिख के भेजो, तब मैं कुछ करूँ." त्यांचंही बरोबर. कागदावरच्या खोट्याला तोंडी खरं पुरत नाही.

सुनीताच्या रक्तातून काढलेला डीएनए अजून आमच्या फ्रीझरमध्ये होता. कंपनीचा माल, परवानगीशिवाय बाहेर न्यायचा नाही. मी घरून चहाचा थर्मास आणला, त्यात बर्फ भरला, नळी ठेवली आणि चार्टर्ड बस पकडून मुनिरका गाठलं.

तिथे रेहाना होती. रेहाना शेख, सोलापूरची. आम्ही दोघी विद्यार्थिनी असताना मुनिरका गावात एकाच खोलीत राहायचो, एका स्टोव्हवर तिची खिमा-खिचडी आणि माझं पिठलं शिजायचं. मी खासगीत गेले, ती संस्थेतच राहिली. किरणोत्साराच्या खोलीची किल्ली अजून तिच्याच कमरेला होती.

तिनं फोटो बघितला, रिपोर्ट बघितला, आणि चष्मा काढला.

"अगं शुभे, तुझी सही आहे की याच्यावर! तू केलीस?"

"मी केली असती तर तुला तोंड दाखवलं असतं का?"

"आता मला सगळं बाजूला ठेवायला लावणार तू." ती रागावली होती, पण नळी तिच्या हातात गेलेली होती. "मुलाचं रक्त आण. आई एकटी नको. दोघांचं शेजारी शेजारी लावू."

म्हणून पुढच्या रविवारी मी पानिपतला गेले. तोवर दहावा आठवडा संपत आला होता.

खाली यंत्रमाग, वर घर. जिन्यात कापसाचे कण उडत होते आणि मागांची खडखड पायातून जाणवत होती. सुनीताच्या सासूबाईंनी मला बघितल्याबरोबर लाडवांची ताटली पुढे केली. त्यांना वाटलं, लॅबवाल्या बाई अभिनंदन करायला आल्यात. "नॉर्मल आया, तो सारे मोहल्ले में बाँटे हमने." मी लाडू हातात घेतला. खाववेना, ठेववेना.

सुनीता समोर बसली होती. बारीक, शांत, डोक्यावरून पदर. गोलू जमिनीवर बसून एक रिकामी बॉबिन गरागरा फिरवत होता. माझ्या थर्मासचं झाकण दिसलं तसं त्यानं ते ओढून घेतलं आणि तेही फिरवायला लागला. छान फिरवत होता.

मी सगळं सांगितलं. एक पट्टी दिसली होती, दुसरी दिसली नव्हती, ती दिसली असं लिहिलं गेलं. रिपोर्ट फाडून टाका असं समजा. आमची चूक आहे. "कंपनीची" असं म्हणायचं माझ्या जिभेवर आलं होतं, ते गिळलं.

सासूबाईंचा चेहरा बघता बघता बदलला. सुनीताचा नवरा दारात उभा होता, त्याला रांगेची गोष्ट लगेच समजली. जकार्डवर नक्षी विणताना भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ मागाला लावतात. "मतलब एक ही गत्ता ग़लती से बार-बार बँध गया," तो म्हणाला, "तो आगे का डिज़ाइन आया ही नहीं." इतकं नेमकं मी कुठल्या वर्गात शिकवलं नव्हतं.

सुनीता मात्र दुसरंच ऐकत होती.

"मतलब, गोलू को मुझसे आया."

सहा वर्षं त्या घरात हाच प्रश्न फिरत होता हे मला तेव्हा कळलं. ग्रहणात बाहेर गेली होती, मागावर बसली होती, कसली गोळी खाल्ली होती. आणि आता मी, शास्त्राची पदवी घेऊन, तेच सांगायला आले होते. इतका राग घेऊन मी गुडगावहून निघाले होते, त्याचा इथे कवडीचा उपयोग नव्हता.

"ही रांग प्रत्येकात असते," मी सासूबाईंकडे बघत म्हणाले. "तुमच्यात आहे, माझ्यात आहे. कुणी हातानं वाढवत नाही, कुणाच्या वागण्यानं वाढत नाही. हिच्यात लांब असलीच, तर ती आली हिच्या आईकडून किंवा वडिलांकडून, त्यांच्यात त्यांच्या आईवडिलांकडून. यात हिनं काय केलं?"

"वो तो ठीक है," सासूबाई म्हणाल्या. "पर इस जाँच में ये पता चलेगा ना, कि लड़का है या लड़की?"

"नाही कळणार!" मी इतक्या जोरात ओरडले की गोलूनं झाकण टाकून कान झाकले. मला फार लाज वाटली. मुलगा-मुलगी सांगणं गुन्हा आहे हे मग मी हळू आवाजात सांगितलं.

गोलूचं रक्त घेतलं. त्याला सुनीतानं मांडीत धरलं होतं. निघताना ती जिन्यापर्यंत आली आणि मागांच्या आवाजात मला म्हणाली, "मैडम, दोबारा कर दो. पर अबकी बार जो दिखे, वही लिखना."

नऊ दिवस रेहानाची फिल्म उणे सत्तरच्या फ्रीझरमध्ये आणि आमचा जीव टांगणीला. हे काम असंच असतं. डीएनए कापा, पळवा, नायलॉनच्या कागदावर उतरवा, किरणोत्सारी तुकडा चिकटवा, एक्स-रे फिल्म लावा आणि थांबा. सुनीता दिवसाआड एसटीडी बूथवरून फोन करायची. "कैसी हैं मैडम?" एवढंच विचारायची. निकालाचं नाव काढायची नाही. मीही काढायची नाही.

मग रेहानाचा फोन आला. "शुभे, आहे. वर आहे."

फिल्मवर सुनीताच्या दोन पट्ट्या होत्या. एक तीसची, आणि एक तिच्या वर, नव्वदच्या आसपास. जिला भसीननं तीस म्हटलं ती नव्वदची होती. गोलूची तर खूप वर, शेकड्यांत, शाई ओघळल्यासारखी पसरलेली.

संस्थेच्या लेटरहेडवर रेहानानं लिहिलं, मी शेजारी सही केली. पेननं. दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांनी सुनीताला दिल्लीच्या सरकारी हॉस्पिटलमध्ये पाठवलं. बारावा आठवडा संपायला दोन दिवस होते. बाळाच्या वारेचा कण काढला आणि तो रेहानाकडे आला. आता प्रश्न एकच, आईची कुठली प्रत बाळाकडे गेली? तीसची की नव्वदची? छापा की काटा. त्यावर कुणाचीच सत्ता नाही, ना माझी ना भसीनची.

पुन्हा दहा दिवस.

तीसची गेली होती.

रेहानानं रिपोर्टवर एकच वाक्य लिहिलं, "या गर्भात रांगेची वाढ आढळली नाही." पट्ट्या किती तेही लिहिलं नाही, कारण त्यावरूनही हुशार माणूस मुलगा-मुलगी ओळखतो. फोनवर सुनीताला सांगितलं तेव्हा तिनं तेच वाक्य मला पुन्हा दोनदा म्हणायला लावलं. बूथवाला मागून "बहनजी, मीटर चल रहा है" म्हणत होता. मग ती म्हणाली, "इस बार दिखा ना, मैडम?" मी म्हटलं, "हो, दिसलं."

दुसऱ्या दिवशी भसीननं मला केबिनमध्ये बोलावलं. बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती. तो उभा राहून हात पुढे करत म्हणाला, "देखा मैडम? बच्चा नॉर्मल! आख़िर हमारी रिपोर्ट सही निकली ना? ख़्वामख़्वाह इतना टेन्शन."

मी त्याच्या हाताकडे बघत राहिले. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, तर हा कावळा म्हणे, फांदी मीच तोडली! आईचा रिपोर्ट चुकीचा तो चुकीचाच होता. बाळ वाचलं ते त्याच्या खोट्यामुळे नव्हे, नशिबानं. आणि काटा पडला असता तर? तर सहा महिन्यांनी त्या घरात दुसरा गोलू आला असता आणि सुनीताच्या हातात "नॉर्मल" छापलेला कागद असता. हे सगळं मी त्याला सांगितलं. आवाज बहुधा रिसेप्शनपर्यंत गेला.

"ठीक है, ठीक है. हमने ॲक्शन ले लिया है," असं म्हणत त्यानं एक मेमो पुढे सरकवला. चौकशी पूर्ण. कारण, डेटा एन्ट्री एरर. संबंधित कर्मचारी कार्यमुक्त.

वड्याचं तेल वांग्यावर! जिनं एकटीनं खरं लिहून ठेवलं होतं, तिलाच काढलं. तिचं रजिस्टरही गायब झालं होतं. माझ्याकडे झेरॉक्स होती. ती मी भसीनला, त्याच्या वरच्यांना, सगळ्यांना पाठवली. कुणाचं उत्तर आलं नाही. राजीनामा तर मी मेमो बघितला त्याच दिवशी दिला होता. त्यात शौर्य काही नव्हतं, संस्थेत परत जायची वाट मला मोकळी होती.

दोन वर्षांनी रेहानानं आणि मी मिळून एक छोटी लॅब सुरू केली, तेव्हा मी पहिल्यांदा कमलेशच्या गावी गेले. गाव आता चारी बाजूंनी सोसायट्यांनी वेढलेलं. अंगणात बसून ती भाचीचा अभ्यास घेत होती. तिनं मला बसायला वेताचा मूढा दिला, ताक दिलं. मी म्हटलं, माझ्याकडे ये, रजिस्टर तूच सांभाळ.

तिनं मान हलवली. "ना मैडम. सर ने झूठ लिखवाया, सो तो ठीक. पर वो दो खाने तो आपने बनवाए थे. एक ख़ाली छोड़ने देते, तो मैं फोन ही क्यूँ करती?"

तिच्या आवाजात राग नव्हता, तेच मला जास्त लागलं. इतके दिवस मी भसीनवर जो काही संताप केला होता, त्यातला माझा वाटा तिनं ताकाच्या पेल्याबरोबर माझ्या हातात दिला.

ती आली नाही ती नाहीच. माझ्या लॅबच्या फॉर्ममध्ये दुसरा रकाना रिकामा ठेवता येतो. रिकामा राहिला की त्याखाली आपोआप छापून येतं, "दुसरी पट्टी दिसली नाही. पुढील तपासणी आवश्यक." आणि अशा रिपोर्टवर स्कॅनची सही चालत नाही, माणसाला उठून पेन शोधावं लागतं. रिपोर्टला अठ्ठेचाळीस तासांपेक्षा खूप जास्त वेळ लागतो. ज्यांना घाई असते ते दुसरीकडे जातात.